नवपालकांची पगारी रजा : अमेरिकेतील कायदा, प्रलंबित विधेयके आणि स्थलांतरित नोकरदार

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी घरात बाळाची चाहूल लागली, की पहिला फोन पुण्याला, नाशिकला किंवा नागपूरला जातो आणि दुसरा कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला. आईचा व्हिसा केव्हा होईल, सासूबाई कोणत्या महिन्यात येतील, रजेचे आठवडे कुठून कुठवर पुरतील, अशी जुळवाजुळव सुरू होते. या जुळवाजुळवीत एक गोष्ट हटकून नजरेआड होते. कंपनी जी पगारी रजा देते ती बहुतेक वेळा कंपनीचे धोरण असते. तिच्यामागे देशाचा कायदा नसतो. धोरण बदलले, नोकरी बदलली किंवा नोकरी गेली, तर ती रजाही त्याबरोबर जाते.

प्रगत राष्ट्रांमध्ये प्रसूतीसाठी देशव्यापी पगारी रजेचा कायदा नसलेले अमेरिका हे एकमेव राष्ट्र आहे. तसा कायदा करण्याचे प्रयत्न एका दशकाहून अधिक काळ काँग्रेससमोर येत आणि मागे पडत आहेत. ही विधेयके नीट समजायची असतील, तर आधी तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखायला हव्यात : कामावरून दूर राहण्याची मुभा, त्या काळातील पगाराची भरपाई आणि परतल्यावर नोकरी शाबूत असण्याची हमी. भारतात या तिन्ही गोष्टी ‘बाळंतपणाची रजा’ या एकाच शब्दप्रयोगात सामावतात. अमेरिकेत त्या तीन वेगळ्या कायद्यांत, कधी तीन वेगळ्या कार्यालयांत विखुरलेल्या असतात आणि बहुतेक गैरसमज तेथूनच सुरू होतात.

१९९३चा कायदा आणि त्याच्या अटी

आज देशभर लागू असलेला कायदा म्हणजे ‘फॅमिली अँड मेडिकल लीव्ह ॲक्ट’, संक्षेपाने एफएमएलए. थोरल्या जॉर्ज बुश यांनी या विधेयकावर १९९० आणि १९९२ असा दोनदा नकाराधिकार वापरला होता. बिल क्लिंटन यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतल्यानंतर अवघ्या सोळाव्या दिवशी, ५ फेब्रुवारी १९९३ रोजी, त्यावर स्वाक्षरी केली. अपत्याचा जन्म, दत्तकविधान, स्वतःचे गंभीर आजारपण किंवा जवळच्या नातलगाची शुश्रूषा यांसाठी वर्षभरात १२ आठवड्यांची रजा हा त्याचा गाभा. रजा बिनपगारी असते. मात्र नोकरी किंवा तिच्या तोडीची जागा राखून ठेवावी लागते आणि आरोग्य विमा पूर्वीच्याच अटींवर चालू ठेवावा लागतो. आई आणि वडील यांच्यात हा कायदा भेद करत नाही, ही त्याची जमेची बाजू.

अडचण पात्रतेच्या अटींत आहे. कर्मचाऱ्याच्या कामाच्या ठिकाणापासून ७५ मैलांच्या परिघात कंपनीचे किमान ५० कर्मचारी हवेत. त्याच कंपनीत किमान १२ महिने आणि मागील वर्षभरात १,२५० तास काम झालेले हवे. श्रम विभागाने २०१८ साली केलेल्या पाहणीनुसार देशातील सुमारे ५६ टक्के कर्मचारीच या चौकटीत बसत होते. नव्या उद्योगात रुजू झालेला अभियंता, आठ महिन्यांपूर्वी नोकरी बदललेली विश्लेषक, छोट्या दवाखान्यात काम करणारी फिजिओथेरपिस्ट हे सारे चौकटीबाहेर राहतात.

आणखी एक तरतूद आपल्याकडील जोडप्यांना हमखास अडते. पती आणि पत्नी एकाच कंपनीत असतील, तर बाळाच्या संगोपनासाठी दोघांना मिळून १२ आठवड्यांवर मर्यादा घालण्याची मुभा कंपनीला आहे. कंपन्या वेगळ्या असतील, तर प्रत्येकाला १२ आठवडे. एकाच ठिकाणी नोकरी लागली म्हणून आनंदलेल्या दांपत्याला हे कलम बहुधा बाळ झाल्यावरच कळते.

पगाराचा प्रश्न या कायद्याने सोडवलाच नाही. श्रम सांख्यिकी विभागाच्या २०२३च्या आकडेवारीनुसार खासगी क्षेत्रातील केवळ २७ टक्के कर्मचाऱ्यांना मालकाकडून पगारी कौटुंबिक रजा उपलब्ध होती आणि हा वाटा वरच्या पगारगटांत एकवटलेला होता. या संकेतस्थळाचे बरेचसे वाचक त्या भाग्यवंतांत असतील. म्हणूनच ‘हा आपला विषय नव्हे’ असे वाटण्याचा धोका त्यांनाच अधिक आहे.

संघीय सरकारने स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा प्रश्न मात्र मार्गी लावला. डिसेंबर २०१९मध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकातून आलेल्या तरतुदीने १ ऑक्टोबर २०२० पासून त्यांना अपत्यजन्मानंतर किंवा दत्तकविधानानंतर १२ आठवड्यांची पूर्ण पगारी रजा मिळू लागली. बदल्यात परतल्यावर १२ आठवडे काम करण्याची लेखी हमी द्यावी लागते.

राज्यांची विमा पद्धत

काँग्रेसची वाट न पाहता काही राज्यांनी स्वतःचा मार्ग काढला. त्याची मुळे जुनी आहेत. ऱ्होड आयलंडने १९४२मध्ये आणि कॅलिफोर्नियाने १९४६मध्ये आजारपणात पगाराची अंशतः भरपाई देणारा सक्तीचा विमा सुरू केला. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क यांनी त्याच दशकात त्यांचे अनुकरण केले. १९७८मध्ये गर्भवतींविरुद्धचा भेदभाव कायद्याने निषिद्ध ठरल्यावर प्रसूतीला या विम्यातून वगळणे अशक्य झाले. म्हणजे बाळंतिणीच्या शरीराला सावरण्यासाठी लागणाऱ्या सहा ते आठ आठवड्यांची सोय काही राज्यांत आधीच होती. उणीव होती ती त्यापुढील संगोपनाच्या काळाची आणि अर्थातच वडिलांची.

ती कॅलिफोर्नियाने प्रथम भरून काढली. २००२मध्ये कायदा झाला आणि १ जुलै २००४ पासून लाभ सुरू झाले : सहा आठवडे, पगाराच्या साधारण ५५ टक्के. २०२०मध्ये आठवडे आठ झाले आणि १ जानेवारी २०२५ पासून भरपाई ७० ते ९० टक्क्यांवर गेली. कमी पगाराला ९० टक्के, बाकीच्यांना ७० टक्के, तेही कमाल मर्यादेत. २०२५ साली ही मर्यादा आठवड्याला १,६८१ डॉलर होती.

या योजनेचा सारा पैसा कर्मचाऱ्यांच्याच पगारातून कापला जातो; मालकाचा वाटा शून्य. पूर्वी ठरावीक पगारापर्यंतच कपात होत असे. १ जानेवारी २०२४ पासून ती वरची मर्यादा काढून टाकण्यात आली. २०२५चा दर १.२ टक्के होता. बे एरियात वर्षाला २,५०,००० डॉलर मिळवणाऱ्या अभियंत्याची त्या वर्षीची कपात ३,००० डॉलर होते. तोच अभियंता पिता म्हणून आठ आठवडे रजेवर गेला, तर कमाल लाभ १३,४४८ डॉलर. ज्यांना मूलच नको किंवा ज्यांची मुले मोठी झाली, त्यांना ही कपात बोचते आणि पगारपत्रकातील त्या ओळीबद्दलची कुरकुर प्रत्येक मराठी मेळाव्यात कानावर येते. पण हीच योजना आजारपणासाठी आणि वृद्ध आईवडिलांच्या शुश्रूषेसाठीही आहे, हे त्या कुरकुरीत सहसा विसरले जाते.

पुढे न्यू जर्सी (२००९ पासून), ऱ्होड आयलंड (२०१४), न्यूयॉर्क (२०१८), वॉशिंग्टन राज्य आणि राजधानी वॉशिंग्टन (२०२०), मॅसॅच्युसेट्स (२०२१), कनेक्टिकट (२०२२), ऑरेगॉन (२०२३) आणि कोलोरॅडो (२०२४) अशी रांग लागली. कोलोरॅडोत विधिमंडळाला जमले नाही ते मतदारांनी नोव्हेंबर २०२०च्या जनमत कौलातून करून घेतले. डेलावेअर आणि मिनेसोटा यांचे लाभ १ जानेवारी २०२६ पासूनचे. टेक्सास, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, इलिनॉय या मराठी वस्ती भरपूर असलेल्या राज्यांत खासगी नोकरदारांसाठी असा सक्तीचा विमा नाही.

राज्यागणिक फरक किती असू शकतो, हे हडसन नदीच्या दोन तीरांवर स्पष्ट दिसते. एडिसनला राहणाऱ्या दोन मैत्रिणी आहेत असे समजा. एक प्रिन्स्टनला नोकरी करते, दुसरी रोज गाडीने मॅनहॅटनला जाते. विमा राहत्या घराच्या राज्याचा लागू होत नाही, कामाच्या राज्याचा होतो. पहिलीला प्रसूतीनंतरच्या विश्रांतीच्या आठवड्यांतही पगाराच्या ८५ टक्के मिळतात. २०२५ची कमाल मर्यादा आठवड्याला १,०८१ डॉलर. दुसरीला त्याच विश्रांतीसाठी न्यूयॉर्कचा जुना आजारपण विमा लागू होतो आणि त्याची कमाल रक्कम २०२५मध्येही आठवड्याला १७० डॉलर होती. हा आकडा १९८९ सालचा आहे. त्यानंतरच्या संगोपनाच्या १२ आठवड्यांसाठी मात्र तिला पगाराच्या ६७ टक्के, म्हणजे २०२५च्या मर्यादेनुसार आठवड्याला १,१७७ डॉलरपर्यंत मिळू शकतात. याचा अर्थ शरीर सर्वांत थकलेले असते तेव्हा सर्वांत कमी आणि ते सावरल्यावर अधिक. या विसंगतीला कोणतेही तत्त्व नाही. दोन कायदे दोन वेगळ्या काळांत झाले आणि जुन्याला कोणी हात लावला नाही, एवढेच. दुसरी मैत्रीण उद्या त्याच कंपनीचे काम कायमचे घरून करू लागली, तर तिला सामान्यतः न्यू जर्सीचा कायदा लागू होईल. तेव्हा घरून काम करण्याचा अर्ज केवळ प्रवासाच्या सोयीचा राहत नाही.

काँग्रेससमोरील विधेयके

देशपातळीवरील प्रस्तावांचे ढोबळमानाने चार पंथ आहेत. त्यांतील भांडण आठवड्यांच्या संख्येवरून कमी आणि खर्च कोणी सोसायचा यावरून अधिक आहे.

पहिला पंथ सामाजिक विम्याचा. न्यूयॉर्कच्या सिनेटर कर्स्टन जिलिब्रँड आणि कनेक्टिकटच्या प्रतिनिधी रोझा डेलॉरो यांनी डिसेंबर २०१३मध्ये ‘फॅमिली ॲक्ट’ प्रथम मांडला आणि पुढील काँग्रेसांत त्या तो पुनःपुन्हा मांडत राहिल्या. मूळ विधेयकात १२ आठवडे, पगाराच्या ६६ टक्के आणि महिन्याला जास्तीत जास्त ४,००० डॉलर अशी रचना होती. त्यासाठी कर्मचारी आणि मालक यांनी पगाराच्या प्रत्येकी ०.२ टक्के द्यायचे, म्हणजे १,००,००० डॉलरच्या पगारावर वर्षाला प्रत्येकी २०० डॉलर. कारभार सामाजिक सुरक्षा प्रशासनाकडे. मे २०२३मधील आवृत्तीत कमी पगाराच्या लोकांना सुमारे ८५ टक्के भरपाई देणारी उतरती श्रेणी आली. वरच्या पगारगटातील वाचकांनी मूळ मर्यादेकडे नीट पाहावे : महिन्याला १२,००० डॉलर मिळवणाऱ्याला त्या हिशेबाने पगाराचा तिसरा हिस्साच मिळाला असता. हा कायदा झाला, तरी कंपनीच्या उदार धोरणाची जागा तो घेणार नाही. कंपनीचे धोरण हातातून सुटले, तर खाली पडू न देणारी ती जाळी असेल.

दुसरा पंथ स्वतःच्याच भविष्यातून उचल घेण्याचा. मार्को रुबियो यांनी ऑगस्ट २०१८मध्ये आणि जोनी अर्न्स्ट व माइक ली यांनी मार्च २०१९मध्ये मांडलेल्या विधेयकांचे सूत्र असे, की नवपालकाने सामाजिक सुरक्षेच्या निवृत्तिवेतनातील काही भाग आत्ताच घ्यावा आणि म्हातारपणी तेवढ्या प्रमाणात उशिरा निवृत्त व्हावे. नवा कर नाही, मालकावर बोजा नाही. ऐकायला सुटसुटीत. पण ज्या आईच्या नोकरीत अपत्यांमुळे आधीच खंड पडलेले असतात, तिचेच म्हातारपण या व्यवहारात तारण ठेवले जाते. स्थलांतरितांच्या बाबतीत तर हे सूत्र अधिकच अडखळते. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यासाठी ४० तिमाहींची, म्हणजे किमान दहा वर्षांची वर्गणी लागते आणि भारत व अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा परस्पर करार नाही. आठ वर्षे कपात सोसून पुण्याला परतलेल्या माणसाला निवृत्तिवेतन मिळतच नाही. जे मिळणारच नाही, त्यावर उचल कशाची द्यायची, हा प्रश्न त्या विधेयकांच्या चर्चेत फारसा आलाच नाही.

तिसरा पंथ करसवलतीचा. २०१७च्या करसुधारणेत, कमी पगाराच्या कर्मचाऱ्यांना किमान दोन आठवड्यांची पगारी कौटुंबिक रजा देणाऱ्या मालकांना त्या पगाराच्या १२.५ ते २५ टक्के करसवलत देऊ केली गेली. तात्पुरती असलेली ही तरतूद जुलै २०२५च्या मोठ्या कर विधेयकाने कायम केली. या पंथात कर्मचाऱ्याला हक्क मिळत नाही. मालकाची इच्छा असेल तर त्याला थोडे बळ मिळते.

चौथा पंथ राज्यांना पुढे करण्याचा. प्रतिनिधिगृहातील दोन्ही पक्षांच्या कार्यगटाचे नेतृत्व करणाऱ्या ओक्लाहोमाच्या स्टेफनी बाइस आणि पेनसिल्व्हेनियाच्या क्रिसी हुलाहान यांनी एप्रिल २०२५मध्ये ‘मोअर पेड लीव्ह फॉर मोअर अमेरिकन्स ॲक्ट’ मांडला. राज्यांनी खासगी क्षेत्राच्या भागीदारीतून योजना उभाराव्यात म्हणून त्यांना तीन वर्षांचे अनुदान आणि निरनिराळ्या राज्यांचे नियम परस्परांशी जुळवण्यासाठी एक आंतरराज्य यंत्रणा, असे त्याचे दोन भाग आहेत. हडसनच्या दोन तीरांवरील घोळ पाहिल्यावर दुसऱ्या भागाचे महत्त्व सांगायला नको. माझ्या मते आज काँग्रेससमोर असलेल्या प्रस्तावांत हा सर्वांत छोटा आहे आणि त्याच कारणाने संमत होण्याची थोडीफार शक्यता असलेलाही तोच आहे.

यश सर्वांत जवळ आले होते ते २०२१मध्ये. बायडेन प्रशासनाने एप्रिलमध्ये १२ आठवड्यांची योजना सुचवली. शरद ऋतूत ती विधेयकातून काढली गेली, मग चार आठवड्यांवर आणून परत घातली गेली आणि १९ नोव्हेंबर २०२१ रोजी प्रतिनिधिगृहाने ते विधेयक संमत केले. सिनेटमध्ये समसमान बळ होते. वेस्ट व्हर्जिनियाचे जो मँचिन यांनी डिसेंबरात नकार दिला आणि प्रकरण तेथेच थांबले. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच विधेयकाच्या अवशेषांतून जो कायदा झाला, त्यात रजेचा उल्लेखही नव्हता.

खर्चाचा वाद : वॉशिंग्टन ते मुंबई

हा वाद नवा नाही आणि त्याच्या आरंभी वॉशिंग्टन शहरच आहे, ही इतिहासाची थट्टा म्हणावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद १९१९मध्ये तेथेच भरली. प्रसूतीपूर्वी व नंतर प्रत्येकी सहा आठवडे रजा आणि त्या काळात सार्वजनिक निधीतून किंवा विम्यातून निर्वाहाची रक्कम, असा करार तिने संमत केला. यजमान देशाने तो कधीच मान्य केला नाही.

या कराराचे पडसाद मुंबई इलाख्यात उमटले. गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचे विधेयक मुंबई विधिमंडळासमोर आले, तेव्हा जुलै १९२८मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले. माता आणि अर्भक यांना मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची असल्यामुळे खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलायला हवा, असे त्यांनी मान्य केले. पण सरकार उचलत नाही म्हणून मालकाला मोकळे सोडावे, हे त्यांना मान्य नव्हते. स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाला फायदा दिसतो म्हणूनच तो त्यांना ठेवतो, तेव्हा त्याने वाटा उचलणे न्याय्यच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९मध्ये मुंबईचा कायदा झाला. या प्रकारचा तो भारतातील पहिला. पण त्यात सारा भार मालकावरच पडला.

तीच रीत पुढे टिकली. १९६१च्या देशव्यापी प्रसूती लाभ कायद्यानेही मालकालाच जबाबदार धरले आणि २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली, तीही पूर्ण पगारी. मर्यादित पगाराच्या कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा योजना आहे. इतरत्र मालकाच्याच खिशातून. दुरुस्तीनंतर लहान उद्योग स्त्रियांना नोकरी देताना हात आखडता घेतील, ही भीती इतकी व्यक्त झाली, की नोव्हेंबर २०१८मध्ये केंद्र सरकारने कमी पगाराच्या महिलांबाबत सात आठवड्यांचा पगार मालकांना परत देण्याचा विचार असल्याचे जाहीर केले. खासगी क्षेत्रातील पित्याला भारतीय कायदा आजही पगारी रजेचा हक्क देत नाही.

‘आपल्याकडे सहा महिने मिळतात, इथे काहीच नाही’ हे वाक्य आपण भारतातून आलेल्या पाहुण्यांकडून नेहमी ऐकतो. ते निम्मे खरे आहे. २६ आठवडे मोठेच. पण एका लिंगाच्या कर्मचाऱ्यांची किंमत एकट्या मालकाने भरायची, हा त्यातील दोष कॅलिफोर्नियाच्या आठ आठवड्यांत नाही. १९५२च्या आंतरराष्ट्रीय करारात तर एकट्या मालकावर हा खर्च टाकू नये, असे स्पष्टच लिहिले आहे.

अनुभव काय सांगतो

योजना लागू होण्यापूर्वी कॅलिफोर्नियातील उद्योजक संघटनांनी ती नोकऱ्या मारील, असा इशारा दिला होता. आयलीन ॲपलबॉम आणि रूथ मिल्कमन यांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बहुसंख्य मालकांनी परिणाम चांगला किंवा नगण्य असल्याचे सांगितले. माया रॉसिन-स्लेटर, क्रिस्टोफर रूम आणि जेन वाल्डफोगेल यांच्या २०१३च्या अभ्यासात मातांची सरासरी रजा सुमारे तीन आठवड्यांवरून सहा-सात आठवड्यांपर्यंत, म्हणजे दुपटीने वाढल्याचे आढळले.

उलट दिशेचा पुरावाही आहे आणि तो झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नाही. मार्था बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करनोंदींच्या आधारे २०१९मध्ये दाखवले, की योजना सुरू होताच तिचा लाभ घेणाऱ्या, प्रथमच माता झालेल्या स्त्रियांचा रोजगार आणि कमाई पुढील दहा वर्षांत घटलेली होती. मुलांना अधिक वेळ देता आला, हा त्याचा अर्थ लावता येतो. कारकिर्दीवर ओरखडा उमटला, असाही लावता येतो. रजा केवळ आईनेच घेतली, तर हा ओरखडा तिच्याच वाट्याला येणार, एवढे मात्र उघड आहे. मिळत असलेली रजा न घेणाऱ्या मराठी वडिलांची संख्या आपल्या परिचयात किती आहे, हे ज्याने त्याने मोजून पाहावे.

व्हिसावर असलेल्यांसाठी

एफएमएलए लागू होण्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. राज्यांच्या योजनाही पगार आणि वर्गणी पाहतात, व्हिसा नव्हे. एच-१बी धारकाला कंपनी एरवी काम नसतानाही पगार देण्यास बांधील असते. पण प्रसूतीसारख्या कारणाने कर्मचाऱ्याने स्वतः मागितलेल्या रजेच्या काळात ते बंधन राहत नाही. बिनपगारी रजेवर असतानाही कंपनीशी नोकरीचे नाते टिकून असेल, तर व्हिसाचा दर्जा टिकतो. रजेची मंजुरी लेखी घेऊन जपून ठेवावी. पगाराच्या पावत्यांत पडलेल्या खंडाचे स्पष्टीकरण पुढे कधीतरी मागितले जाऊ शकते. रजेचा काळ अमेरिकेत घालवला, तर तो सहा वर्षांच्या मुदतीत मोजला जातो. देशाबाहेर घालवलेले पूर्ण दिवस मात्र परत मागता येतात.

खरा धोका कपातीच्या काळात असतो. एफएमएलए रजेचा सूड म्हणून काढून टाकण्यापासून वाचवतो. जी नोकरी रजा नसतानाही जाणारच होती, तिला तो वाचवत नाही. नोकरी गेल्यावर साठ दिवसांपर्यंतची सवड असते. त्या साठ दिवसांत नवी नोकरी मिळालीच, तरी तेथे १२ महिन्यांचे घड्याळ शून्यापासून सुरू होते. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात नोकरी बदलावी लागलेल्या स्त्रीला टेक्सासमध्ये कायद्याने संगोपनाची रजाही नाही आणि पगारही नाही. कॅलिफोर्नियात तिची विम्याची पात्रता मागच्या कमाईवर ठरते, म्हणून ती नव्या मालकाकडेही तिच्याबरोबर येते. न्यूयॉर्कमध्ये पूर्णवेळ कर्मचाऱ्याला त्या मालकाकडे सलग २६ आठवडे काम झालेले लागते. मालकाचे धोरण आणि सार्वजनिक विमा यांतील फरक इथे प्रत्यक्ष जाणवतो. देशव्यापी कायद्याची गरज उदार कंपन्यांत असलेल्या वाचकांनाही का आहे, याचे उत्तरही यातच आहे.

एच-४ व्हिसावरील आणि नोकरीचा परवाना नसलेल्या मातेला पगारच नसल्यामुळे कोणत्याही योजनेत स्थान नाही. अशा घरांत रजेचा हक्क असतो तो एकट्या वडिलांचा. म्हणून विधेयक वाचताना त्यात पित्यासाठी काय आहे, हे आधी पाहावे. उरलेली उणीव आपला समाज आजीच्या सहा महिन्यांच्या पर्यटक व्हिसावर भरून काढत आला आहे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि रात्रीची जागरणे यांची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात नसते. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख लांबली, की ही व्यवस्था किती नाजूक आहे ते कळते.

सद्यःस्थिती

सिनेटमध्ये सामान्य विधेयकावरील चर्चा संपवायलाच साठ मते लागतात. त्यामुळे सामाजिक विम्याचा देशव्यापी कायदा नजीकच्या काळात होईल, असे दिसत नाही. हालचाल राज्यांच्या राजधान्यांतच होईल. घर किंवा नोकरी यासाठी राज्य निवडताना शाळा आणि मालमत्ता कराबरोबर हेही पाहण्यासारखे आहे. मात्र कायदा संमत झाला म्हणजे लाभ सुरू झाला असे नव्हे. मेरीलँडच्या विधिमंडळाने एप्रिल २०२२मध्ये राज्यपालांचा नकाराधिकार ओलांडून पगारी रजेचा कायदा केला. लाभ जानेवारी २०२५ पासून मिळायचे होते. मुदत अनेकदा पुढे गेली आणि आता ती जानेवारी २०२८ आहे. कायदा झाला त्या महिन्यात रॉकव्हिलमध्ये जन्मलेले मूल तोपर्यंत बालवाडीत बसलेले असेल.